भेरूघाटातली टकटक (सोसायटीचा पार्किंग ग्रुप, इंदूर)

बी-३०४ (सोमवार, रात्री ८.४०)
नमस्कार. काल ओंकारेश्वरहून परत येताना भेरूघाटाच्या चढावर इंजिनातून टकटक यायला लागली. पाच माणसं, एसी चालू, तिसरा गिअर. सपाटीला लागलो की बंद. १.२ लिटर पेट्रोल, २०१६चं मॉडेल, ८२ हजार किमी. गॅरेजवाला म्हणतो कॉन रॉडचं (पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याचं) बेरिंग गेलं, इंजिन खोलावं लागेल. कोणाला यातलं कळतं का?

ए-२०२
भरा अजून ई-२०, वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल! 😡

सी-१०१
भिया, जरा थांबा. ई-२०वर राग काढायला दुसरी कारणं असतील, पण टकटक त्यानं वाढत नाही. साध्या पेट्रोलचं ऑक्टेन ९१ असायचं, ई-२०चं किमान ९५ ठरवलंय, आणि ऑक्टेन जास्त तितकी टकटक कमी. मायलेजचं भांडण सोसायटीच्या मीटिंगमध्ये करू.

ताई, इंजिन खोलायला देऊ नका. आवाज डबीत खडे हलवल्यासारखा आहे, की लाकडावर हातोडी मारल्यासारखा जड? आणि उभ्या गाडीत ॲक्सिलरेटर दाबून सोडला तर येतो का?

बी-३०४
खडे हलवल्यासारखा. उभ्या गाडीत अजिबात नाही येत.

सी-१०१
मग बेरिंग नसावं. बेरिंगचा आवाज जड असतो, खालून ऑईल चेंबरकडून येतो. इंजिन तापून ऑईल पातळ झालं की वाढतो आणि २,५०० आरपीएमवरून ॲक्सिलरेटर सोडताना ठळक ऐकू येतो. तुमचा फक्त लोडवर येतोय. ठिणगी पडल्यावर ज्योत एका टोकाकडून पसरत जायला हवी. इथे ती पोचायच्या आत कोपऱ्यातलं मिश्रण उष्णतेनं आणि दाबानं एकदम भडकतंय. चढावर दुसरा गिअर टाकून आरपीएम ३,०००च्या आसपास ठेवलं असतं तर आवाज बहुधा तिथंच थांबला असता.

डी-५०३
काका बरोबर सांगताहेत. तरी खात्री करून घ्या, ताई. इंजिन गरम, गाडी न्यूट्रलमध्ये, आणि एकेका सिलिंडरच्या इंजेक्टरचं (पेट्रोल फवारणाऱ्या नळीचं) कनेक्टर काढून ऐका. एखादं काढल्यावर जड ठोका दबला तर त्या सिलिंडरचा रॉड. काहीच फरक पडला नाही तर बेरिंगचा दोष नाही. काही मेकॅनिक ठिणगी देणाऱ्या कॉइलचं कनेक्टर काढतात. तसं केलं की न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापतो. इंजेक्टरच काढा.

त्याच्याही आधी डिपस्टिक. सपाट जागा, गाडी बंद करून दहा मिनिटं थांबून. ऑईल किमान खुणेच्या खाली असेल तर गाडी चालवूच नका, आधी भरा.

ए-२०२
माझीत सकाळी स्टार्ट केल्यावर दोन सेकंद खडखड होते. घट्ट ऑईल टाकलं तर जाईल?

सी-१०१
नाही हो, बिघडेल. ती बहुधा टायमिंग चेनची, ती ताणून धरणाऱ्या टेन्शनरला ऑईलचा दाब मिळेपर्यंतची. २०डब्ल्यू-५०सारखं घट्ट ऑईल टाकलं तर थंडीत ऑईल वर पोचायलाच वेळ लागेल. आवाज दबेल, झीज चालू राहील. मॅन्युअलमध्ये लिहिलेलाच ग्रेड टाका. तुमचं वेगळं बघू, आधी ताईंचं.

ताई, स्पार्क प्लग कधी बदलले?

बी-३०४
मागच्या महिन्यात, सर्व्हिसिंगला.

सी-१०१
एक काढून फोटो टाका. इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच, नाहीतर ॲल्युमिनियमच्या हेडचे आटे प्लगबरोबर बाहेर येतील.

बी-३०४ (मंगळवार, सकाळी ७.५५)
[फोटो] ऑईल ठीक आहे. इंजेक्टरच्या टेस्टमध्ये काही फरक नाही. कूलंट मात्र किमान खुणेच्या बोटभर खाली.

सी-१०१
फोटो मोठा करून बघा. पोर्सेलिन पांढरंफटक, त्यावर मिरपुडीसारखे बारीक ठिपके. टोक फार तापलंय. प्लगवर आकडा ५ दिसतोय, मॅन्युअलमध्ये?

बी-३०४
६ आहे.

डी-५०३
सापडलं! एनजीके आणि डेन्सोत आकडा मोठा तितका प्लग थंड, म्हणजे टोकाची उष्णता लवकर बाहेर टाकणारा. बॉशमध्ये बरोब्बर उलटं, आणि घोळ तिथंच होतो. तुमचा एक पायरी गरम पडलाय.

सी-१०१
एकटा प्लग एवढं करेल असं मला नाही वाटत. कूलंट कमी, वर ८२ हजार किमीचा कार्बन, आणि रोज राजवाड्यापर्यंतच्या तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्या. सगळं मिळून झालंय. करा असं: चारही प्लग ६ आकड्याचे, गॅप मॅन्युअलप्रमाणे. वॉशरवाला नवीन प्लग हातानं टेकेपर्यंत फिरवायचा, मग पान्यानं अर्धा फेरा, बस. टॉर्क पाना असेल तर १४ मिलिमीटरच्या प्लगला २५ ते ३० न्यूटन मीटर. कूलंट थंड इंजिनवर भरा आणि दोन दिवसांनी पातळी पुन्हा बघा. उतरली तर गळती शोधावी लागेल, नुसतं भरत राहू नका.

डी-५०३
स्कॅनर माझ्याकडे आहे, संध्याकाळी लावू. लाँग टर्म फ्युएल ट्रिम (कॉम्प्युटर पेट्रोल किती कमीजास्त करतोय ते) +१० टक्क्यांच्या वर गेलं तर कुठूनतरी जास्तीची हवा जातेय, मिश्रण पातळ होतंय. त्यानंही टकटक होते. पी०३२५ कोड आला तर नॉक सेन्सर (टकटक ओळखणारा) किंवा त्याची वायर.

ई-१०४
उद्या नर्मदेच्या पाण्याची पाळी आहे, टाक्या रिकाम्या ठेवा.

डी-५०३ (मंगळवार, रात्री ९.१०)
ट्रिम +३, कोड नाही. कूलंटच्या वरच्या होजचा क्लॅम्प ढिला होता, बदलला.

बी-३०४ (रविवार, रात्री ८.०५)
आज पुन्हा ओंकारेश्वरला जाऊन आलो, पाच माणसं. मुद्दाम तिसऱ्या गिअरला घाट चढले, टकटक नाही. कूलंटही तेवढंच आहे. फक्त एसी लावताना एकदा 'टक' होतं, मग काही नाही.

सी-१०१
तो कॉम्प्रेसरचा क्लच लागतो. त्याला हात लावू नका.