सिनोनिम्स पाठ होतात पण वापरताना घोळ होतो, इंग्लिश शब्द नक्की वाढवायचे कसे?

रबाळे_ड्राफ्ट्समन

नमस्कार मंडळी. मी कळव्याला राहतो, रबाळे एमआयडीसीत एका फॅब्रिकेशन कंपनीत ड्राफ्ट्समन आहे. दहावीपर्यंत पूर्ण मराठी मीडियम, नंतर आयटीआय. ड्रॉइंगचं काम मला जमतं, पण गेल्या वर्षीपासून क्लायंटला जाणारे मेल पण माझ्याकडेच आलेत त्यामुळे इंग्लिश सुधारायचंच असं ठरवलं. एका पीडीएफमधून रोज २० शब्द घ्यायचे, प्रत्येकाचे चार-चार सिनोनिम, वहीत लिहून काढायचे, असं चार महिने एक दिवस न चुकवता केलं. दोनशे पानी वही भरली. पण होतंय काय की पंधरा दिवसांपूर्वीचं पान उघडलं की निम्मे शब्द पहिल्यांदा बघतोय असं वाटतं, आणि जे लक्षात राहिलेत ते वापरले की भलतंच होतं.

मागच्या महिन्यातलं सांगतो. वहीत आस्कच्या पुढे रिक्वेस्ट, इन्क्वायर, डिमांड असं लिहिलेलं. सारखं रिक्वेस्ट रिक्वेस्ट लिहून कंटाळा आलेला म्हणून एका जुन्या क्लायंटला लिहिलं, 'वी डिमांड द अप्रूव्ह्ड ड्रॉइंग बाय फ्रायडे.' माझ्या मनात एवढंच होतं की ड्रॉइंग मागतोय. तासाभरात साहेबांना त्यांचा फोन, की आमची काही थकबाकी आहे का, ही कुठली भाषा. साहेब ओरडले नाहीत, माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले आणि माफीचा मेल स्वतः टाइप केला, मी नुसता बघत बसलो. तो अर्धा तास अजून डोक्यातून जात नाही.

अर्थ तर वहीत बरोबर लिहिला होता ना, मग चुकलं कुठं? आणि वही पुढे चालू ठेवू का बंद करू?

घणसोली_एसएससी

भावा वही बंद करू नकोस. मी सीजीएलची (केंद्र सरकारच्या नोकऱ्यांसाठीची एसएससीची परीक्षा) तयारी करतोय, टियर वनला म्हणजे पहिल्या टप्प्याला इंग्लिशचे २५ प्रश्न असतात, सिनोनिम, अँटोनिम, वन वर्ड सबस्टिट्यूशन सगळं येतं आणि चुकलं की अर्धा मार्क जातो. तिथे लिस्ट पाठ असेल तर पाच सेकंदात टिक करून पुढे जाता येतं आणि तो वाचलेला वेळ गणिताला लागतो. म्हणजे लिस्टचा उपयोग आहेच. फक्त परीक्षेत चार पर्यायातला सगळ्यात जवळचा निवडायचा असतो, मेल लिहिताना समोर पर्याय नसतात आणि जवळचा असून चालत नाही. तुझं काम दुसरं आहे एवढंच.

नौपाडा_बाई

मी ठाण्यात एका मराठी शाळेत २९ वर्षं इंग्रजी शिकवलं, आता निवृत्त आहे. तुझी पोस्ट वाचून राहवलं नाही म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी त्या डिमांडचं बघू. फ्रेंचमध्ये 'दमांदे' म्हणजे साधं विचारणं, मागणं, त्यात जोरजबरदस्ती काही नाही. तोच शब्द इंग्रजीत आला आणि तिथे हक्काने, ठणकावून मागण्याचा झाला. म्हणजे तू फ्रेंच क्लायंटला फ्रेंचमध्ये लिहिलं असतंस तर कोणाला काही वाटलं नसतं! आणि आपल्या मराठीत 'मागणे' हे एकच क्रियापद केवढं पसरलंय बघ. मीठ मागतो, पगारवाढ मागतो, भीक मागतो, माफी मागतो, मुलीला मागणी घालतो. इंग्रजीत यातल्या प्रत्येकाला वेगळा शब्द. आस्क, डिमांड, बेग, अपॉलोजाइज, प्रपोज. तू मराठीतलं मागणे मनात धरलंस आणि यादीतला एक शब्द उचललास. चूक तुझ्या पाठांतराची नाही, यादीने तुला शब्द दिला आणि तो कुठे बोलतात ते सांगितलंच नाही.

इंग्रजीत एका अर्थाचे इतके शब्द का, हेही कळलं की सोपं जातं. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, पुढे कितीतरी पिढ्या दरबार आणि कोर्टकचेरी फ्रेंचमध्ये चालली, शेतकरी जुनी इंग्रजी बोलत राहिले, आणि लॅटिन चर्चमधून आणि विद्वानांकडून येत राहिली. म्हणून आस्क हा घरातला शब्द, क्वेश्चन फ्रेंचमधून आलेला, इंटरॉगेट थेट लॅटिनमधला. तिघांचा अर्थ विचारणे, पण आई आस्क करते, वकील क्वेश्चन करतो आणि पोलीस इंटरॉगेट करतात. बिगिन आणि कमेन्सचं तसंच, अभ्यास बिगिन होतो, परीक्षा कमेन्स होते. आपल्याकडे पाणी आणि जल आहे ना, तसं. नळाला जल आलं असं कोणी म्हणत नाही आणि अर्घ्य देताना कोणी 'पाणी ओततो' म्हणत नाही. हे तुला कोणी शिकवलं नाही तरी येतं, हाच कान इंग्रजीला लावायचाय.

वर्गात मी एक करायचे ते सांगते. फळ्यावर इंग्रजी शब्द लिहायचेच नाहीत आधी, मराठी लिहायचे. तोडणे, मोडणे, फोडणे, फाडणे. मुलांना विचारायचं, नारळ काय करतात? फोडतात. फूल? तोडतात. खडू? मोडतो. कागद? फाडतात. नारळ मोडला म्हटलं की अख्खा वर्ग हसायचा. मग सांगायचं की ब्रेक, स्नॅप, प्लक, टेअर हे असेच आहेत, फूल ब्रेक केलं म्हटलं की इंग्रजी कानाला तसंच खटकतं. तसंच बघणे घ्या. ओझरतं बघितलं तर ग्लान्स, टक लावून बघितलं तर स्टेअर, डोळे वटारून बघितलं तर ग्लेअर, फटीतून डोकावलं तर पीप, समुद्राकडे हरवून बघत राहिलात तर गेझ. पाचही शब्द यादीत लुकपुढे एका ओळीत असतात आणि पाचही वेगळे आहेत. मराठीतली कृती डोळ्यासमोर आणली की पाठ करायला लागत नाही, माझी मुलं तर वर्गात करून दाखवायची, ग्लेअर करताना माझ्याकडेच बघायची.

आणि एक, तू कळव्याचा म्हणून मुद्दाम. ठाणे हे नाव स्थान वरून आलं, शिलाहार राजांच्या वेळी श्रीस्थानक म्हणायचे. स्टेशन हा शब्द लॅटिनमधून, उभं राहणे अशा अर्थाच्या मुळापासून, आणि ते मूळ आणि संस्कृतमधलं स्था हे एकाच घरातलं. स्टँड, स्टे, स्टेटस, स्टॅच्यू, स्टेबल, सगळी तीच मंडळी. मी हे सांगितल्यावर एक मुलगा म्हणाला बाई म्हणजे ठाणे स्टेशन म्हणजे थांबायच्या जागेची थांबायची जागा! स्टेबल तो आयुष्यात विसरणार नाही.

ऐरोली_सपोर्ट

बाईंनी एवढं सुंदर लिहिलंय की मी फक्त रोजचं काय करायचं ते सांगतो. मी पण मराठी मीडियम, ऐरोलीत कस्टमर सपोर्टला आठ वर्षं.

दिवसाला २० शब्द गुणिले चार म्हणजे ८० झाले, ते कोणाच्याच डोक्यात बसणार नाहीत. मी ठाण्याहून ट्रान्स हार्बर लोकलने जातो, त्या प्रवासात तीन शब्द, बस. लग्नपत्रिकांच्या मागच्या कोऱ्या बाजूचे पत्ते कापलेत. एका बाजूला मराठीत प्रसंग लिहायचा, नुसता अर्थ नाही, उदा. 'क्लायंटकडून फाइल हवी आहे, तो चिडायला नको'. मागे इंग्लिशचं अख्खं वाक्य. गाडीत पत्ता काढायचा, मागचं न बघता वाक्य मनात म्हणायचं, मग उलटायचं. आलं तर पत्ता मिठाईच्या बॉक्सच्या पुढच्या कप्प्यात आणि तो चार दिवसांनी परत, नाही आलं तर उद्या पुन्हा. हर्मन एबिंगहाउस म्हणून एक जर्मन संशोधक होता, त्याने १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं की पाठ केलेलं सुरुवातीला सगळ्यात वेगाने विसरतं आणि नंतर विसरण्याचा वेग कमी होतो. म्हणून पहिल्या एक-दोन दिवसात आठवून बघायला लागतं, पंधरा दिवसांनी पान उघडलंस तर ते नवीनच वाटणार. आणि नुसतं परत परत वाचणं म्हणजे आठवणं नाही, वाचताना सगळं येतंय असं वाटतं आणि वही मिटली की जातं.

शब्द एकटा कधीच लिहू नकोस, त्याच्या सोबतच्या शब्दाबरोबर लिही. चहा कडक असतो ना, तिकडे तो स्ट्राँग असतो, पॉवरफुल नाही, डिक्शनरीत दोन्ही जवळ जवळ असले तरी. पाऊस हेवी. आपल्याकडे धुकं दाट, वरण घट्ट, कापड जाड, आणि तिकडे तिन्हीला थिक चालतो, म्हणजे कधी आपल्याकडे जास्त शब्द, कधी त्यांच्याकडे. रिक्वेस्टचं पण बघ, 'वी रिक्वेस्ट यू टु सेंड' बरोबर, 'वी रिक्वेस्ट फॉर' नाही, फॉर लागतो तो 'अ रिक्वेस्ट फॉर' असं नाम असताना. डिस्कसपुढे अबाउट नाही. मी हे तीन वर्षं चुकीचं लिहीत होतो, कोणी सांगितलंच नाही.

आणि इंग्लिश टु मराठी ॲप बंद करून लर्नर्स डिक्शनरी वापर. लाँगमनची आहे त्यात सगळे अर्थ साधारण २००० सोप्या शब्दांतच समजावलेत आणि प्रत्येकाला वाक्य दिलंय. तिथे डिमांड उघडलं असतंस तर ठणकावून मागणे असाच अर्थ मिळाला असता.

तुझ्या मेलसाठी 'कुड यू प्लीज सेंड अस द अप्रूव्ह्ड ड्रॉइंग बाय फ्रायडे?' एवढं पुरे. साधा शब्द दहा वेळा आला तरी क्लायंटला काही वाटत नाही, त्याला ड्रॉइंग कधी पाठवायचं ते कळलं पाहिजे.

घणसोली_एसएससी

ते पत्त्यांचं मी पण सुरू करतो. बाई एक शंका, मग थिसॉरस (समानार्थी शब्दांचा कोश) वापरायचाच नाही का? क्लासमध्ये सगळे तोच घ्या म्हणतात.

नौपाडा_बाई

वापर की, पण कशासाठी ते लक्षात घे. रॉजे नावाच्या डॉक्टरांनी १८५२ मध्ये तो छापला तेव्हा शब्द एबीसीडीप्रमाणे लावलेच नव्हते, कल्पनांप्रमाणे लावले होते. मनात अर्थ आहे, शब्द ओठावर आहे पण येत नाहीये, अशा माणसासाठी ते आहे. ज्याला शब्द आधीपासून माहीत आहेत त्यालाच त्यातून निवडता येतं. आपला संस्कृतचा अमरकोश त्याच्या हजारहून जास्त वर्षं आधीचा, तोही विषयवार, आणि पाठशाळेतली मुलं तो श्लोकात पाठ करायची, पण पुढे काव्य वाचताना तेच शब्द जागच्या जागी भेटायचे. तुझ्या यादीतला शब्द नंतर तुला कुठेच भेटत नाही हीच अडचण आहे. रोज इंग्रजी पेपरचं एक पान वाच, भेटतील. मराठीवरून शोधायचं असेल तर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश बघ, १८५७ची दुसरी आवृत्ती नेटवर फुकट आहे. एकेका मराठी शब्दाला त्याने इंग्रजीत किती छटा दिल्यात ते वाचताना तास कसा जातो कळत नाही.

रबाळे_ड्राफ्ट्समन

बाई, दादा, खूप आभार. आठवडा झाला म्हणून सांगायला आलो. वही टाकली नाही, पण तिच्यातले कामाचे ४० शब्दच घेतले आणि आमच्याच जुन्या मेलमधून वाक्यं काढली. बेंड, ट्विस्ट, वॉर्प, बकल हे चारही मी 'वाकणे' असे लिहिले होते, आणि मी तर रोज शॉपमध्ये हे चारही बघतो! प्लेट आपण वाकवली तर बेंड, पीळ पडला तर ट्विस्ट, वेल्डिंगच्या उष्णतेने वेडीवाकडी झाली तर वॉर्प, आणि दाबाखाली मधेच फुगून दबली तर बकल. काल रिपोर्टमध्ये वॉर्प्ड लिहिलं आणि साहेबांनी काही न बदलता पुढे पाठवला.

घरी आता मुलगी पण लागलीय मागे, दुसरीत आहे. काल विचारत होती बाबा रुसणेला इंग्लिशमध्ये काय. मला आलं नाही. बाई?

नौपाडा_बाई

सल्क म्हणतात, पण ते जास्त करून फुगून बसणं आहे, तोंड पाडून गप्प. रुसणाऱ्याला कोणीतरी समजूत काढायला यावं असं वाटत असतं, ते सल्कमध्ये येत नाही. रुसवा काढणे याला तर मला २९ वर्षांत एक शब्द सापडला नाही, वाक्यच करावं लागतं. तिला सांग, ती रुसली की तू काय काय करतोस ते इंग्रजीत सांग म्हणावं.