वरच्या मजल्यावरचा रात्रीचा उकाडा: वयस्कर आईसाठी नेमकं काय करावं?

नमस्कार. जाणकारांची मदत हवी आहे.

आम्ही इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो, डोक्यावर थेट स्लॅब. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची, रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. दिवसा ती बरी असते, त्रास रात्रीचा. सारखी कूस बदलत राहते, पहाटे कुठे डोळा लागतो, आणि उठते ती डोकं जड झालेलं आणि पायांत गोळे. विचारलं तर म्हणते, "मला काही एवढं उकडत नाहीये." मला याचीच जास्त धास्ती वाटते, कारण तिच्या मानेला हात लावला तर कातडी गरम लागते आणि घाम जवळजवळ नसतोच.

फोनवर रात्री अकराला 29 अंश दिसतात. म्हणून तापमान आणि आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र तिच्या उशाशी ठेवलं. त्याच वेळी खोलीत 34 अंश आणि 55 टक्के आर्द्रता. बाहेरची आर्द्रता मात्र फोनवर 75 टक्के! घरात वाद आहे तो इथेच. दादा म्हणतो, बाहेर दमटपणा जास्त आहे, खिडक्या बंदच ठेवा, नाहीतर आत चिकचिक वाढेल. मला पटत नाही, पण त्याला काय उत्तर द्यावं ते कळत नाही.

एसी आहे, पण रात्रभर चालवला की आईचे सांधे धरतात. पंखा लावला तर वरून गरम हवाच अंगावर येते.

खिडक्या उघडाव्यात का? पंख्याचा उपयोग किती? आणि डॉक्टरकडे कधी पळायचं?

प्रतिसाद १

उघडा, बिनधास्त उघडा. आर्द्रतेची टक्केवारी म्हणजे हवेतली एकूण वाफ नव्हे. त्या तापमानाची हवा जेवढी वाफ धरू शकते, त्यातली किती भरली आहे, एवढंच ती सांगते. हवा तापली की तिची धरून ठेवायची ताकद वाढते आणि तेवढ्याच वाफेला टक्के कमी दिसतात. तुमचे आकडे मांडून बघितले. बाहेरचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव व्हायला लागतं तो आकडा, 24 अंशांच्या आसपास येतो आणि आतलाही तेवढाच. म्हणजे वाफ दोन्हीकडे सारखी, आत फक्त पाच अंश जादा. दादांना एवढंच सांगा.

फोनवरच्या आकड्यावर मात्र विसंबू नका. हवामान केंद्रातला तापमापक सावलीत, हवेशीर पेटीत, जमिनीपासून माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर असतो. तुमच्या स्लॅबशी त्याचा काही संबंध नाही. दिवसभर ऊन खाल्लेलं काँक्रीट काही तास उशिरा आतल्या बाजूला उष्णता सोडतं, म्हणून दुपारपेक्षा रात्री जास्त काहिली होते. शिवाय तापलेलं छत थेट अंगावर उष्णता फेकतं, आणि ती हवेचं तापमान मोजणाऱ्या यंत्रात पुरती दिसत नाही. रात्री दहाला स्टुलावर चढून छताला हात लावून बघा. ज्या खोलीचं छत आणि पश्चिमेची भिंत कमी तापलेली असेल, तिथे आईचा पलंग हलवा. गच्चीवर पांढरा परावर्तक रंग देता आला तर फारच उत्तम, पण सोसायटीची परवानगी लागेल.

खिडक्या उघडायच्या त्या बाहेरची हवा आतल्यापेक्षा थंड झाल्यावर. सकाळी ऊन चढायच्या आत बंद करून पडदे ओढा.

प्रतिसाद २

मी रुग्णसेवेत आहे, म्हणून तब्येतीपुरतं लिहिते. तुमची धास्ती रास्त आहे. वय वाढलं की घाम कमी येतो, तहान उशिरा कळते आणि उकाड्याची जाणीवही बोथट होते. त्यामुळे "उकडत नाही" या उत्तरावर जाऊ नका. शिकागोत 1995 साली आणि फ्रान्समध्ये 2003 साली उष्णतेच्या लाटेत माणसं गेली, त्यात एकट्या राहणाऱ्या वृद्धांचं प्रमाण मोठं होतं, आणि थेट छताखाली राहणाऱ्यांना धोका जास्त असल्याचं दोन्हीकडे दिसलं. फ्रान्समध्ये तेव्हा सुमारे 15,000 मृत्यू झाले.

पंखा घाम वाळवून गारवा देतो. घामच नसेल तर त्याचा उपयोग कमी, म्हणून ओला, पिळलेला रुमाल हातांवर, मानेवर, पायांवर फिरवा आणि मग पंखा लावा. घामाचं काम पाणी करतं. हवा 40 अंशांच्या वर गेली असेल तर नुसत्या पंख्याने अंग उलट तापू शकतं. एसी रात्रभर नको असेल तर झोपायच्या आधी दोनेक तास 27 वर, सोबत पंखा मंद. खोली तेवढी निवते आणि सांध्यांवर थेट झोतही येत नाही.

रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवी वाढवतात, काहींमुळे शरीराला उष्णता बाहेर टाकणं जड जातं. स्वतःहून बंद करू नका. गोळ्यांची चिठ्ठी घेऊन याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा. पायांत गोळे येतात हेही सांगा, आणि दिवसाला पाणी किती चालेल ते विचारा. हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर त्याचं प्रमाण वेगळं असतं.

बोलणं असंबद्ध झालं, ओळख पटेना, झोक जातोय, अंग भाजतंय, ताप 40 च्या पुढे, यातलं काही दिसलं तर उष्माघात समजून लगेच रुग्णवाहिका बोलवा. ती येईपर्यंत अंगावर थंड पाणी ओतत राहा आणि वारा घाला. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. दवबिंदूचं गणित दादाला दाखवलं, खिडक्या उघडल्या. पलंग पूर्वेच्या खोलीत हलवलाय, तिथलं छत हाताला बरंच कमी गरम लागतं. डॉक्टरांची वेळ घेतली आहे. एक राहिलं: रात्री तिला मुद्दाम उठवून ताप बघावा का? झोप आधीच तुटक आहे.

प्रतिसाद २

गाढ झोपली असेल, श्वास नेहमीसारखा असेल तर उठवू नका. झोपताना आणि उठल्यावर ताप मोजून लिहून ठेवा. पहाटे लघवीला उठेल तेव्हा दोन वाक्यं बोला, उत्तर नीट येतंय ना ते बघा, आणि हातात पाण्याचा पेला द्या.