होमाशिवायही बागेत लग्न होतं

बागेत होम पेटवू देत नाहीत, म्हणून तिथे फक्त हार घालायचे आणि खरं लग्न मंगल कार्यालयातच, असं काहीजण म्हणतात, ते मला पटत नाही. विशेष विवाह कायदा, १९५४ मध्ये विवाह अधिकाऱ्यांना जादा शुल्क भरून कचेरीबाहेर, वाजवी अंतरावरच्या ठिकाणी बोलावता येतं. होम, सप्तपदी काहीच सक्तीचं नाही. अधिकारी आणि तीन साक्षीदारांसमोर दोघांनी एकमेकांना स्वीकारल्याचं म्हणायचं, सह्या करायच्या, झालं लग्न.

माझ्या भाचीचं असंच झालं. माणसं बावीस, एका बकुळीखाली. वाऱ्याने कागद उडायला लागले तर ताईने हातातला नारळच त्यावर ठेवला आणि आईने, वय ८१, थरथरत्या हाताने साक्षीदार म्हणून सही केली. हॉलमध्ये ती कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून राहिली असती हो!

फक्त लग्न करणार असल्याची नोटीस विवाह अधिकाऱ्यांना आधी द्या. ३० दिवस थांबावंच लागतं आणि नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर पुन्हा नव्याने द्यावी लागते. बागेची लेखी परवानगी वेगळी, तीही हातात असू द्या.