बायपोलर आजार असताना नाव घातलेल्या रुग्णालयात सांगावे का?

प्रश्न
सहा वर्षांपूर्वी मला बायपोलर आजाराचे, म्हणजे अतिउत्साह आणि नैराश्य यांचे झटके येणाऱ्या मनाच्या आजाराचे, निदान झाले आणि गेली चार वर्षे लिथियम या औषधावर माझी प्रकृती स्थिर आहे. आता पाचवा महिना लागला आहे. बाळासाठी सगळ्या गोळ्या बंद कराव्यात, असे सासूबाईंचे म्हणणे आहे. मानसोपचारतज्ज्ञांनी मात्र लिथियम सुरूच ठेवले आहे. जिथे नाव घातले आहे, तिथे मी आजाराविषयी काहीच सांगितलेले नाही. सांगितल्यावर बाळ माझ्यापासून दूर ठेवतील, ही भीती मनातून जात नाही.

पहिले उत्तर
ताई, सांगाच. पहिल्या खेपेस मी लपवले होते आणि गोळ्याही स्वतःच बंद केल्या होत्या. बाळ झाल्यावर चार रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. पाचवीच्या रात्री घरात जागरण होते, मी अखंड बोलत होते आणि सगळ्यांना तो बाळंतिणीचा आनंद वाटला. सातव्या दिवशी बाळ कोणीतरी बदलले आहे, अशी माझी खात्री झाली. पुन्हा दाखल केल्यावर टाके दुखत असल्याचे मी सांगत राहिले, पण तेही आजारातले बोलणे समजले गेले. ते पिकले होते, हे दोन दिवसांनी उघड झाले. सगळे प्रश्न माझ्या यजमानांना विचारले जात होते, हे मला अजून लागते.

दुसऱ्या खेपेस दुसऱ्या रुग्णालयात सातव्या महिन्यातच मानसोपचाराच्या आणि प्रसूतीच्या, दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला लावले. माहेरी रात्री दहापासून पहाटे चारपर्यंत बाळ बहिणीकडे असे. पाचवी पुजली, पण मी नऊ वाजता झोपले होते.

दुसरे उत्तर
मी मानसोपचार विभागात काम करते. प्रसूतीनंतरचा सायकोसिस, म्हणजे वास्तवाचे भान सुटण्याचा गंभीर आजार, एरवी हजारात एक-दोघींना होतो. बायपोलर असणाऱ्या स्त्रियांत मात्र हे प्रमाण साधारण पाचांत एक आहे आणि त्याची सुरुवात बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत होते. गरोदरपणात मूत्रपिंडांचे काम वाढल्याने रक्तातील लिथियम घटते, प्रसूतीनंतर ते पुन्हा चढते, आणि बाळंतिणीला सर्रास दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामकांनी ते आणखी वाढू शकते. एवढ्या एका कारणासाठीही प्रसूतितज्ज्ञांना सांगणे आवश्यक आहे. लिथियम दुधात उतरते, म्हणून अंगावर पाजण्याचा निर्णय बाळाच्या डॉक्टरांसह आधीच घ्यावा. बायपोलरवरचेच व्हॅल्प्रोएट हे दुसरे औषध घेणाऱ्या कोणी हे वाचत असतील, तर त्यांनी मूल होऊ देण्याचा विचार करण्याआधीच डॉक्टरांना भेटावे, कारण ते औषध गर्भाला फार घातक आहे. तरी कोणतीही गोळी मनाने थांबवू नये.

बाळाविषयी सांगायचे तर, २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातील कलम २१ नुसार मानसिक आरोग्य संस्थेत उपचार घेणाऱ्या आईपासून तीन वर्षांखालील मूल सहसा वेगळे करता येत नाही. बाळाच्या सुरक्षिततेसाठी तात्पुरते वेगळे केले, तरी देखरेखीखाली भेट चालू ठेवावी लागते. बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत तर २००९ पासून आई आणि बाळ दोघांना एकत्र दाखल करणारा विभाग आहे. असे विभाग आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांत नाहीत, याचे मला मनापासून दुःख आहे. रात्री-अपरात्री बोलावेसे वाटले, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे.

प्रश्नकर्तीचे उत्तर
मंगळवारी तपासणी आहे. लिथियमची चिठ्ठी फाइलमध्ये सर्वांत वर लावली आहे आणि सासूबाईंनाही सोबत येण्याची विनंती केली आहे.