इंजिनमधून टक टक आवाज येतोय, शनिवारी लांब जायचंय, लवकर सांगा

पाऊलवाट – बुधवार, रात्री ९.१०
गाडीच्या इंजिनमधून टक टक टक असा आवाज येतोय. सकाळी चालू केली की जोरात येतो, मग कमी होतो. चढाला परत येतो. दोघांना दाखवली. एक म्हणाला टॅपेट (इंजिनच्या झडपा, म्हणजे व्हॉल्व्ह, उघडणारे भाग) आहेत, दुसरा म्हणाला इंजिन खोलावं लागेल, २५ हजार धरून चाला. शनिवारी पहाटे आईला घेऊन पुण्याहून गारगोटीला जायचंय. तिला एसटीच्या पायऱ्या चढवत नाहीत, म्हणून गाडीच न्यायची आहे. नेण्यासारखी आहे की नाही, एवढं सांगा.

सह्यवारा – बुधवार, रात्री ९.१८
कुठली गाडी? कितवं साल? पेट्रोल की डिझेल? किती किलोमीटर झालेत? यातलं काहीच लिहिलेलं नाहीये.

रानवाटा७७ – बुधवार, रात्री ९.२१
टॅपेटच. डोळे झाकून सांगतो. माझ्या गाडीला हाच आवाज होता, टॅपेट सेटिंग केलं आणि गाडी शिलाई मशीनसारखी झाली. तासाभराचं काम आहे. इंजिन खोलायला सांगणाऱ्याकडे परत जाऊ नका.

पाऊलवाट – बुधवार, रात्री ९.३०
वॅगन आर आहे, २००८. पेट्रोल. १ लाख ३२ हजार झालेत. ऑइल वेळेवर बदलतो.

चिंचगूळ – बुधवार, रात्री ९.३४
टायमिंग चेन, म्हणजे व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारी साखळी, सैल झाली असणार. सकाळी ऑइलचं प्रेशर यायला वेळ लागतो, तोवर चेन खडखडते. चेन आणि ती ताणून धरणारा टेन्शनर दोन्ही बदला. तुटली तर व्हॉल्व्ह वाकतील.

बारा-तेराचा पाना – बुधवार, रात्री ९.५०
२००८ च्या वॅगन आरला चेन नाही. त्यात १०६१ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन आहे, त्याला टायमिंग बेल्ट असतो. चेनवालं तीन सिलिंडरचं इंजिन २०१० च्या नव्या मॉडेलपासून आलं. बेल्ट कधी बदलला होता ते मात्र जरूर बघून ठेवा. पण टक टक आवाज बेल्टचा नसतो.

पाऊलवाट, नीट उत्तर द्या, म्हणजे मला काही सांगता येईल. आवाज नक्की किती वेळाने जातो? रेस केल्यावर वाढतो का? ऑइलचा लाल दिवा लागतो का? गाडी सपाटीला उभी करून, इंजिन गार असताना डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) पाहिलीत का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, आवाज सुरू होण्याआधी गाडीचं कुठलं काम केलं होतं?

मी २२ वर्षं गॅरेजमध्ये हात काळे केलेत. आवाज आपणहून येत नाही, त्याच्या आधी काहीतरी घडलेलं असतं.

घाटकरीण – बुधवार, रात्री ९.५८
दादा, २०-५० ग्रेडचं जाड ऑइल घाला. आमच्या जुन्या व्हॅनला आमचे मिस्त्री तेच घालतात. दुसऱ्या दिवशी आवाज बंद.

बारा-तेराचा पाना – बुधवार, रात्री १०.०५
ताई, जाड ऑइलने आवाज दबतो, कारण तसंच राहतं. शिवाय गार इंजिनमध्ये जाड ऑइल वर हेडपर्यंत, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागापर्यंत, पोचायलाच उशीर होतो, म्हणजे ज्या वेळी आवाज आहे नेमकी त्याच वेळी झीज वाढते. तुमची व्हॅन चालत असेल, पण यांना तो उपाय सांगू नका.

घाटकरीण – बुधवार, रात्री १०.११
आमची व्हॅन अडीच लाख किलोमीटर चालली आहे. अनुभवाने सांगतेय, पुस्तकातलं नाही.

मुळामुठा – बुधवार, रात्री १०.२०
पेट्रोल कुठलं भरताय? आता सगळीकडे इथेनॉल २० टक्के आहे. २००८ ची गाडी त्यासाठी बनवलेलीच नाही. रबरी नळ्या, सील खराब होतात. मला वाटतं तिथूनच सुरुवात झाली आहे.

सह्यवारा – बुधवार, रात्री १०.२६
इथेनॉलने रबर खराब होईल, एव्हरेज पडेल, हे मान्य. पण त्याने सकाळी टक टक कशी येईल आणि नंतर कशी जाईल?

मुळामुठा – बुधवार, रात्री १०.३१
चढाला आवाज येतो म्हणालेत ना, ते नॉकिंग आहे, म्हणजे इंधन अवेळी पेटून ठोके बसतात. पेट्रोलचा आणि नॉकिंगचा संबंध असतो.

सह्यवारा – बुधवार, रात्री १०.३५
इथेनॉलचा ऑक्टेन, म्हणजे नॉकिंग न होऊ देण्याची ताकद, साध्या पेट्रोलपेक्षा जास्त असतो. त्याने नॉकिंग झालं तर कमीच होईल. इथेनॉलवर वेगळा धागा काढा, मी येतो तिथे. हा माणूस शनिवारी आईला घेऊन निघणार आहे.

पाऊलवाट – बुधवार, रात्री १०.४०
सीएनजीवर चालवतो. २०१६ ला किट बसवलं. पेट्रोल फक्त चालू करताना लागतं. लाल दिवा लागत नाही. डिपस्टिक आत्ता टॉर्च लावून बघितली, ऑइल वरच्या खुणेच्या जरा खाली आहे. आवाज आठ-दहा मिनिटांनी जातो. रेस केल्यावर वाढतो.

काम काही केलं नाही. नेहमीची सर्व्हिसिंग.

रानवाटा७७ – बुधवार, रात्री १०.४४
सीएनजी आधी सांगायचं होतं! सीएनजीवर टॅपेट लवकर वाजतात. माझं म्हणणं आणखी पक्कं झालं.

बारा-तेराचा पाना – बुधवार, रात्री ११.०२
उलट आहे. सीएनजीवर व्हॉल्व्हची सीट, म्हणजे तो जिथे टेकतो ती कड, झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटची फट कमी होते. फट कमी झाली की आवाज वाढत नाही, घटतो. गाडी सकाळी चालू व्हायला कुरकुरते, पिकअप जातो, पुढे व्हॉल्व्ह जळतो. त्यामुळे सीएनजीच्या गाडीचे टॅपेट शांत असले तरी तपासावेत. पण वाजतात म्हणून ते टॅपेटच, असं धरू नये. शिवाय टॅपेट गरम झाल्यावर असे पूर्ण गप्प होत नाहीत, थोडे तरी वाजतातच.

पाऊलवाट, मी एक गोष्ट विचारली होती, ती परत विचारतो. गेल्या दोन महिन्यांत बोनेटखाली कुणी पाना लावला होता का?

कोवळीऊन्हं – बुधवार, रात्री ११.१५
१५ वर्षं उलटून गेलेली गाडी आहे. पुनर्नोंदणी केली आहे का? २०२२ पासून त्याची फी ५ हजार झाली. त्यावर हे इंजिनकाम. मी माझी जुनी गाडी भंगारात दिली आणि सुटले. विचार करा.

पाऊलवाट – गुरुवार, सकाळी ६.५५
नोंदणी २०२३ मध्ये झाली आहे. गाडी विकायची नाही, वडिलांनी घेतलेली आहे. कृपया त्यावर नको.

पाना लावला होता. तीन आठवड्यांपूर्वी हेड पॅकिंग बदललं. पाणी कमी होत होतं म्हणून. हेड उतरवून फेसिंग करून, म्हणजे पृष्ठभाग सपाट करून, आणलं. पण ते पाण्याचं काम होतं, ते नीट झालंय, पाणी आता कमी होत नाही. आवाज त्यानंतर चार-पाच दिवसांनी सुरू झाला.

बारा-तेराचा पाना – गुरुवार, सकाळी ७.२०
हे पहिल्या ओळीत हवं होतं.

हेड उतरवायचं तर एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरचा धूर सायलेन्सरकडे नेणारा नळ्यांचा भाग, सोडवावंच लागतं. इतकी वर्षं उष्णता खाल्लेले स्टड (हेडमध्ये रोवलेले बोल्ट), गंजलेले नट. सोडवताना किंवा परत ताणताना एखादा तुटतो, आणि मॅनिफोल्डचं जुनंच पॅकिंग परत लावलं जातं. मग सकाळी धातू गार आणि आक्रसलेला असतो, तेव्हा त्या फटीतून सिलिंडरचा धूर टक टक करत बाहेर पडतो. इंजिन तापलं की धातू फुगतो, फट मिटते, आवाज जातो. चढाला इंजिनवर भार आला की धुराचा दाब वाढतो आणि फट परत बोलायला लागते. ऐकणाऱ्याला हुबेहूब टॅपेट वाटतो, भल्याभल्यांची फसगत होते.

आवाजाची गती मोजूनही अंदाज येतो. आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी असून इंजिन नुसतं चालू असताना, मिनिटाला साधारण ८०० फेरे असतील तर इंजिन सेकंदाला तेरा वेळा फिरतं. बेअरिंग खालून ठोकत असेल तर सहसा तेवढेच ठोके पडतात. टॅपेट किंवा एका सिलिंडरची धुराची गळती असेल तर त्याच्या निम्मे, सहा-सात. फोनवर आवाज रेकॉर्ड करा, संथ करून मोजा. निम्मे निघाले तर इंजिन खोलायची भीती बरीचशी गेली म्हणा. टॅपेट की गळती, हे मात्र मोजून कळत नाही.

त्यासाठी उद्या सकाळी गार इंजिनवर, उघड्या जागेत, गाडी चालू करा. दुसऱ्या माणसाला जाड ओलं फडकं घेऊन सायलेन्सरचं तोंड तीन-चार सेकंद दाबायला सांगा, हातमोजे घालून. तुम्ही बोनेटपाशी कान द्या. आवाज वाढला तर गळतीच. मग हातभर रबरी नळीचं एक टोक कानाला आणि दुसरं मॅनिफोल्डच्या जोडावर फिरवा, नेमकी जागा सापडेल. पंखा आणि बेल्टपासून हात, बाह्या, ओढणी सगळं लांब. जोडाजवळ काळी काजळी दिसते का तेही बघा.

सह्यवारा – गुरुवार, सकाळी ७.४१
पाना यांच्याशी सहमत. आणखी दोन प्रश्न. एव्हरेज कमी झालंय का? आणि सिग्नलला थांबल्यावर गाडीत धुराचा वास येतो का, कुणाचं डोकं दुखतं का?

पाऊलवाट – गुरुवार, सकाळी ८.०५
एव्हरेज पडलंय. किलोला २२ मिळायचं, आता १९. मला वाटलं ट्रॅफिकमुळे.

वास नाही येत. पण बायको गेल्या आठवड्यात दोनदा म्हणाली की गाडीत बसल्यावर डोकं जड होतं. तिला पित्ताचा त्रास आहे, म्हणून लक्ष दिलं नाही. याचा काय संबंध?

सह्यवारा – गुरुवार, सकाळी ८.१२
फार मोठा संबंध आहे. बाहेरची हवा गाडीत येते ती पुढच्या काचेखालच्या जाळीतून, बोनेटला लागून. गाडी उभी असताना बोनेटखाली धूर साठला तर पंखा तोच आत ओढतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. पेट्रोलच्या धुराचा बाकीचा वास तरी सावध करतो, सीएनजीवर तोही जेमतेम. डोकं जड होणं, मळमळ, झोप येणं, ही त्याचीच लक्षणं. वयस्क माणसाला आधी बाधतं, आणि आई बिचारी प्रवासाचा शीण समजून गप्प बसून राहतील.

एव्हरेजचंही तेच. फटीतून बाहेरची हवा आत खेचली गेली की धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरला वाटतं इंधन कमी पडतंय, आणि गाडी जास्त इंधन सोडते.

दुरुस्त केल्याशिवाय आईला त्या गाडीत पाच-सहा तास बसवू नका. काचा उघड्या ठेवीन वगैरे नको.

कोवळीऊन्हं – गुरुवार, सकाळी ८.३०
भंगाराचं मी लिहिलं ते मागे घेते. वडिलांची गाडी आहे हे माहीत नव्हतं. पण वहिनींचं डोकं दुखतंय त्याकडे आज लक्ष द्या. आणि तोवर गाडी ऑफिसलाही नेऊ नका.

रानवाटा७७ – गुरुवार, सकाळी ९.०२
गळती असेलही. पण टॅपेट एकदा बघून घ्याच, माझं ऐका.

पाऊलवाट – शुक्रवार, सकाळी ७.३०
भावाला फडकं घेऊन उभं केलं. दाबल्याबरोबर आवाज दुप्पट झाला. रेकॉर्डिंग संथ करून मोजलं, सेकंदाला सहा-सात. नळी फिरवली तर बेल्टच्या बाजूने पहिल्या सिलिंडरपाशी कानात फट फट बसली. खाली काजळीचा पट्टा आहे. आता तिसऱ्या मेकॅनिककडे निघालोय. काय सांगू त्याला?

बारा-तेराचा पाना – शुक्रवार, सकाळी ७.३६
मॅनिफोल्ड उतरवून नवीन पॅकिंग टाकायला सांगा. जुनं परत लावू देऊ नका, त्यावर पेस्टही चोपडू देऊ नका. मॅनिफोल्डचा पृष्ठभाग वाकलाय का ते पट्टी लावून बघायला सांगा. स्टड तुटलेला असेल तर घाईने ड्रिल मारू देऊ नका, हेड ॲल्युमिनियमचं आहे, आटे गेले की खर्च वाढतो. तुटक्या स्टडवर नट वेल्ड करून फिरवून काढतात, ज्याला ते येतं त्याच्याकडेच जा.

पाऊलवाट – शुक्रवार, रात्री ९.४५
एक स्टड मुळाशी तुटलेला आणि शेजारचा नट नुसता हाताने फिरत होता. पॅकिंग जुनंच होतं, एका बाजूने जळलेलं. वेल्डिंगवाल्याला बोलावून स्टड काढला. पॅकिंग, दोन स्टड, मजुरी मिळून २,१५० रुपये झाले. हेडचं काम ज्याने केलं त्याला फोन केला, तो म्हणतो तेव्हा आवाज नव्हता.

टॅपेटही तपासले, रानवाटा. दोन घट्ट निघाले, सैल एकही नाही. सेट करून घेतले.

गाडी आता गरम आहे, आवाज नाही. खरं काय ते पहाटे कळेल.

पाऊलवाट – शनिवार, पहाटे ५.०५
गार इंजिनवर चालू केली. आवाज नाही. फडकं दाबूनही नाही. निघतोय.

घाटकरीण – शनिवार, सकाळी ८.२०
आईंना दर दीड तासाने खाली उतरवून दोन पावलं चालवा, गुडघे धरत नाहीत.

बारा-तेराचा पाना – शनिवार, सकाळी ८.३१
पॅकिंग नवीन आहे, ते थोडं बसतं. परत आल्यावर, इंजिन पूर्ण गार असताना, नट एकदा ताणून घ्या. गरम असताना पाना लावू देऊ नका.

पाऊलवाट – शनिवार, सकाळी ९.१०
चहाला थांबलोय. खंबाटकीच्या चढाला मुद्दाम काच खाली करून ऐकलं, काही नाही. बायकोचं डोकंही ठीक आहे. नट ताणायचं सोमवारी करतो.

चिंचगूळ – शनिवार, सकाळी ११.४०
माझ्या २०११ च्या गाडीला सकाळी चालू केल्यावर दोन सेकंद खर्रर्र होतं आणि थांबतं. हे पण पॅकिंगच का?

बारा-तेराचा पाना – शनिवार, सकाळी ११.५२
कुठली गाडी, किती किलोमीटर, ऑइल कधी बदललं, आणि आधी काय काम केलं होतं?