रॉकवरचं हिरवं शेवाळ जात नाही (नायट्रेट 0, फॉस्फेट 0.02)

निळी_खाडी:
नमस्कार मंडळी. खाऱ्या पाण्याचा टँक, 3 फूट × दीड × दीड, खाली सम्पमध्ये (टँकला जोडलेली फिल्टरची टाकी) साधारण 40 लिटर पाणी. 20 किलो ड्राय रॉक, 20 किलो वाळू, चालू होऊन 14 महिने. दोन क्लाउनफिश, एक गोबी, मशरूम आणि झोआंथिड हे मऊ प्रवाळ. सॅलिनिटी 1.025, तापमान 26-27. दर आठवड्याला 10 टक्के पाणी बदल. मीठ कालवायला आणि रोजच्या 3 लिटर टॉपअपला (बाष्पाने घटलेलं भरून काढायला) स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) 45.

तीन महिन्यांपासून रॉकवर गडद हिरवं, 2-3 सेंटिमीटर उंच शेवाळ आहे. उपटलं की आठवड्यात परत. लाइट 10 तासांवरून 6 तासांवर आणला, तीन दिवस पूर्ण अंधार ठेवला, ढिम्म फरक नाही. टेस्टमध्ये नायट्रेट 0, फॉस्फेट 0.02 येतं. मग हे जगतंय कशावर? दुकानदार म्हणतात जीएफओ (फॉस्फेट शोषणारे लोहाचे दाणे) दुप्पट टाका. टाकू का? की अलिबागहून समुद्राचं पाणी आणून भरू?

ओहोटी:
जीएफओ दुप्पट करू नका, हे सगळ्यात आधी. टेस्ट किट मोजतं ते पाण्यात शिल्लक उरलेलं. शेवाळाने आधीच ओढून घेतलेलं त्यात दिसत नाही, आणि ड्राय रॉकमध्ये मुरलेलं फॉस्फेट थेट रॉकच्या पृष्ठभागावरच, म्हणजे शेवाळाच्या मुळाशीच सुटत असतं. शिवाय 0.02 हा आकडा घरगुती किटच्या चुकीच्या मर्यादेतच येतो. त्यावर पाण्यातली पोषकं आणखी कमी केलीत तर आधी उपाशी मरतील ते झोआंथिड, आणि मोकळ्या झालेल्या जागेवर डायनो (डायनोफ्लॅजेलेट, चिकट तपकिरी थर करणारे सूक्ष्मजीव) येतील. ते या शेवाळापेक्षा कितीतरी वाईट.

आता शेवाळ ओळखा. एक झुपका उपटून पांढऱ्या बशीत पाण्यात ठेवा आणि मोबाइलने झूम करून पाहा. मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना बारीक केस, पिसासारखी रचना दिसली तर ब्रायॉप्सिस. नुसते धागे, पाण्याबाहेर काढल्यावर ओल्या केसांसारखा गोळा होत असेल तर साधं हेअर अल्गी. लालसर-जांभळा बुळबुळीत पापुद्रा सायनोचा (शेवाळासारखे दिसणारे जिवाणू) असतो. तुमच्या वर्णनात तो बसत नाही.

समुद्राचं पाणी नको. खाडीमुखांजवळ सांडपाणी आणि गाळ येतो, पावसाळ्यात सॅलिनिटी घसरते, आणि शेवाळाचे बीजाणू फुकट घरी येतात. किनाऱ्यावरचा रॉकही उचलून आणू नका. सगळे दगडी प्रवाळ 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये आहेत.

निळी_खाडी:
पाहिलं. अगदी पिसासारखंच आहे, पाण्याबाहेरही आकार बराचसा टिकतो.

भरती_वेळ:
मग ब्रायॉप्सिसच. पूर्ण अंधाराने ते जात नाही आणि उपटून तर नाहीच, कारण रॉकच्या भोकात राहिलेल्या तुकड्यातून पुन्हा फुटतं. टर्बो किंवा अ‍ॅस्ट्रिया गोगलगायी वाढलेल्या ब्रायॉप्सिसला तोंड लावत नाहीत. मॅग्नेशियम 1600 पर्यंत चढवायचा जुना उपाय बेभरवशाचा आहे. खरा चालतो तो फ्लुकोनाझोल. बुरशीवरचं औषध आहे, स्टेरॉल तयार होण्याची वाट अडवतं.

मात्रा खऱ्या पाण्यावर काढा. तुमचा टँक काठोकाठ 190 लिटर, वरची रिकामी जागा, रॉक आणि वाळू वजा करून 155-160, त्यात सम्पचे 40, म्हणजे 200 लिटर धरा. लिटरला 5 मिलिग्रॅम, एकूण 1000 मिलिग्रॅम. 200 च्या 5 गोळ्या, किंवा 150 च्या 7. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारं औषध आहे. आणि गोळी नुसत्या फ्लुकोनाझोलचीच हवी! आपल्याकडे अझिथ्रोमायसिन आणि सेक्निडाझोलसोबत तीन औषधांचं कॉम्बी किट येतं. ते टँकमध्ये गेलं तर त्यातली प्रतिजैविकं फिल्टरच्या जिवाणूंवर उठतील.

आदल्या दिवशी रिटर्न पंप आणि वेव्हमेकर बंद करून हाताने जमेल तेवढं उपटा, तुटलेले तुकडे 12 मिलिमीटरच्या नळीने 200 मायक्रॉनच्या फिल्टर सॉकमध्ये ओढा. जितकं कमी मरेल तितकं पाणी कमी बिघडेल. मग कार्बन, जीएफओ आणि सम्पमध्ये कीटो (मुद्दाम वाढवलेलं उपयोगी शेवाळ) असेल तर तोही काढा, यूव्ही बंद. गोळ्या कुटून टँकच्याच 2 लिटर पाण्यात तासभर ढवळा, वरचं पाणी सम्पमध्ये हळूहळू ओता, खाली बसलेला पांढरा चोथा फेका. स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) बंद करू नका, हवा चालू राहू द्या, फक्त कप काढून फेस पुन्हा सम्पमध्येच पडू द्या. शेवाळ कुजताना ऑक्सिजन खातं आणि रात्री मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकू लागतात, म्हणून एक वेव्हमेकर वरच्या बाजूला वळवून ठेवा.

पहिले चार-पाच दिवस काहीच दिसत नाही. इथेच लोक धीर सोडतात आणि दुसरा डोस टाकतात. टाकू नका. आठवड्याने टोकं फिकट पडतात, दहा-चौदा दिवसांत पांढरं होऊन लोंबतं. ते रोज ओढून घ्या, पण गाळलेलं पाणी परत टँकमध्येच ओता, कारण 14 दिवस, हिरवा ठिपका दिसत असेल तर 21, पाणी बदलायचं नाही. नंतर 30 टक्के बदल, ताजा कार्बन, कप जागेवर. त्या वेळी नायट्रेट आणि फॉस्फेट एकदम वर आलेले दिसतील, म्हणजे शेवाळात दडलेला साठा बाहेर पडला. तेव्हा जीएफओ अर्ध्या मात्रेने लावा, फॉस्फेट 0.05 च्या आसपास आणि नायट्रेट 5 वर स्थिरावलं की पुरे.

शून्य_टीडीएस:
भरती_वेळ यांच्याशी सहमत, पण आरओ दुरुस्त केला नाहीत तर सहा महिन्यांनी दुसरं काहीतरी उगवेल. बाष्प होऊन जातं ते नुसतं पाणी, बाकी सगळं टँकमध्ये साचतं. रोज 3 लिटर टॉपअप, 45 टीडीएस, महिन्याला 4 ग्रॅम क्षार. त्यातले बरेच निरुपद्रवी, पण नायट्रेट, सिलिकेट, फॉस्फेटही त्याच वाटेने येतात.

घरगुती आरओमध्ये मेम्ब्रेननंतर टीडीएसचा व्हॉल्व्ह असतो, तो चवीसाठी कच्चं पाणी परत मिसळतो. पुढे मिनरल कार्ट्रिज. म्हणून मेम्ब्रेनच्या लगेच पुढे, या दोन्हींच्या आधी, पाव इंची टी (तीन तोंडांचा जोड) बसवा आणि तिथून वेगळी नळी डीआय रेझिनच्या (उरलेले क्षार शोषणारे दाणे) डब्यात न्या. डबा उभा, पाणी खालून वर, नाहीतर रेझिनमध्ये वाट पडून अर्धं रेझिन वायाच जातं. मशीन सुरू झाल्यावर पहिले 2 लिटर बादलीत सोडा, कारण बंद असताना मेम्ब्रेनच्या आतल्या पाण्याचा टीडीएस चढलेला असतो आणि तो रेझिन उगाच खातो. मीटर 1 दाखवू लागलं की रेझिन बदला. 5 होईपर्यंत थांबू नका, कारण सर्वांत आधी निसटतं ते सिलिकेट आणि मीटरला ते दिसतच नाही.

निळी_खाडी:
धन्यवाद. एक छोटा सुटा रॉक आहे, त्यावर प्रवाळ नाही. तो बाहेर काढून हायड्रोजन पेरॉक्साइडने धुतला तर?

ओहोटी:
चालेल, पण बाटली वाचा. मेडिकलमध्ये बहुधा 6 टक्क्यांचं, म्हणजे 20 व्हॉल्यूमचं मिळतं. त्यात तितकंच डीआय पाणी घालून 3 टक्के करा, हातमोजे घालून ब्रशने लावा, 3 मिनिटं फेसाळू द्या, मग टँकच्या पाण्याच्या दोन वेगळ्या बादल्यांमध्ये खळबळून ते पाणी फेकून द्या. फ्लुकोनाझोल टाकण्याच्या आधीच करा, म्हणजे फेकलेल्या पाण्यासोबत औषध जाणार नाही. पुढे क्लीनर कोळंबी आणलीत तर टँकमध्ये थेट पेरॉक्साइड कधीच नको, ती त्याने मरू शकते.