यूआरपी: प्रोब बेक होऊनही बंद हॉलच्या टाइल्समध्ये आकाश दिसतंय

टाइल्स_तावदान

युनिटी गेम इंजिन २०२२.३ एलटीएस, यूआरपी (युनिटीची हलकी रेंडर पाइपलाइन), फॉरवर्ड पाथ. फ्लॅटचा व्हीआर वॉकथ्रू आहे, शेवटी क्वेस्ट हेडसेटवर चालवायचाय. हॉल ५.४ × ३.३ मीटर, उंची २.९. हॉलला लागून १.१ मीटर रुंद पॅसेज, पॅसेजच्या टोकाला किचन. तिन्ही ठिकाणी एकेक बेक्ड रिफ्लेक्शन प्रोब (आसपासचं चित्र आधीच टिपून चकचकीत पृष्ठभागांना प्रतिबिंब म्हणून देणारा), रिझोल्यूशन २५६, एचडीआर चालू. बॉक्स भिंत ते भिंत आणि फरशी ते छत असे तंतोतंत बसवलेत. भिंती, छत, फर्निचर सगळं रिफ्लेक्शन प्रोब स्टॅटिक आहे. यूआरपी ॲसेटमध्ये प्रोब ब्लेंडिंग (प्रोबचं मिश्रण) आणि बॉक्स प्रोजेक्शन (प्रतिबिंब खोलीच्या मापाला बसवणं) दोन्हींवर टिक आहे.

अडचणी अशा:

१. हॉलच्या व्हिट्रिफाइड टाइल्समध्ये (स्मूथनेस ०.९) निळसर आकाश दिसतं. खोली चारी बाजूंनी बंद आहे. त्याच हॉलमध्ये मधोमध, १.४ मीटरवर क्रोमचा गोळा टांगला तर त्यात मात्र हॉल अगदी बरोबर दिसतो.

२. किचनची फरशी तर पूर्ण आकाशी. फ्लोअर एफबीएक्स फाइलमधून एकच मेश (सलग थ्रीडी आकार) म्हणून आलाय.

३. एडिटरमध्ये जे ठीक दिसतं ते हेडसेटमध्ये बिघडतं. फरशीतलं प्रतिबिंब डोक्याबरोबर सरकतं आणि फरशीखाली खोल खड्डा असल्यासारखं वाटतं.

४. दिव्याचं बटण दाबल्यावर प्रतिबिंबही बदलायला हवं. त्यासाठी रिअलटाइम प्रोब लावावा का?

चौथा_मिप

गोळा बरोबर आणि फरशी चूक, म्हणजे बेकमध्ये काही खोट नाही. प्रोब सिलेक्ट करून ब्लेंड डिस्टन्स बघा. हात लावला नसेल तर तिथे १ असेल.

यूआरपीमध्ये हे अंतर बॉक्सच्या पृष्ठभागापासून आतल्या बाजूला मोजतात. पृष्ठभागावर प्रोबचं वजन शून्य असतं, आणि ब्लेंड डिस्टन्सएवढं आत गेल्यावर ते पूर्ण १ होतं. सहाही बाजूंचा हिशेब होतो आणि त्यातली सर्वांत कमी किंमत धरली जाते. तुमची फरशी बरोबर बॉक्सच्या तळाशी आहे, म्हणून तिचं वजन शून्य. एकूण वजन १ ला कमी पडलं की उरलेला वाटा एन्व्हायर्नमेंट रिफ्लेक्शनमधून, म्हणजे तुमच्याकडे स्कायबॉक्समधून (सीनभोवतीच्या आकाशाच्या चित्रातून), भरला जातो. आकाश येतं ते असं. ०.४५ मीटर उंचीच्या टीपॉयच्या काचेवर ४५ टक्के हॉल आणि ५५ टक्के आकाश असेल, बघा. गोळा १.४ मीटरवर आहे, म्हणून सुटला. भिंतींचंही तेच होतंय, फक्त मॅट रंगामुळे जाणवत नाही. पॅसेज तर १.१ मीटरच रुंद आहे. त्याच्या अगदी मध्यावरसुद्धा वजन ०.५५ च्या वर जाणार नाही.

म्हणून ब्लेंड डिस्टन्स ०.०२ करा आणि बॉक्स प्रत्येक बाजूला तेवढाच, २ सेंटीमीटर, बाहेर काढा. हॉलचा बॉक्स साइज होईल ५.४४ × २.९४ × ३.३४. आता भिंतीच्या आणि फरशीच्या पृष्ठभागावर वजन बरोबर १ येतं. ब्लेंड डिस्टन्स ० ठेवून बॉक्स तंतोतंत बसवण्याच्या फंदात पडू नका. पृष्ठभाग आणि बॉक्सची कड एकाच प्रतलात आली की दशांशातल्या फरकाने ठिपके लुकलुकतात.

आणि बॉक्स २०–३० सेंटीमीटर बाहेर काढायचा मोह टाळा. एचडीआरपीमध्ये (युनिटीच्या जड पाइपलाइनमध्ये) प्रभावाचा बॉक्स वेगळा आणि प्रोजेक्शनचा प्रॉक्सी व्हॉल्यूम वेगळा ठेवता येतो. यूआरपीत दोन्ही कामं एकाच बॉक्सकडे आहेत. तो फुगवला की प्रतिबिंबातली भिंतही तेवढीच मागे जाते, आणि भिंतीची स्कर्टिंग व फरशीतली स्कर्टिंग एकमेकींना जुळत नाहीत. २ सेंटीमीटरचा फरक ०.९ स्मूथनेसच्या धूसरपणात दिसत नाही, २० चा लगेच दिसतो.

उंबरठ्यापाशी

वरचं सगळं बरोबर आहे, पण तेवढ्याने किचन सुधारणार नाही. फॉरवर्ड पाथमध्ये प्रत्येक रेंडररला, म्हणजे प्रत्येक मेशला, जास्तीत जास्त दोन प्रोब मिळतात. वजनाचा हिशेब पिक्सेलगणिक होतो हे खरं, पण कोणते दोन प्रोब हे अख्ख्या मेशसाठी एकदाच ठरतं. तुमचा एकच फ्लोअर तीन खोल्यांत पसरलाय, त्याला बहुधा हॉल आणि पॅसेज मिळालेत. किचनमधल्या पिक्सेलसाठी त्या दोन्हींचं वजन शून्य, मग आकाश.

फ्लोअर ब्लेंडरमध्ये तोडा: एडिट मोडमध्ये एका खोलीचे फेस निवडा, पी दाबा, सिलेक्शन. काप दाराच्या उंबऱ्याखाली घ्या. मार्बलची पट्टी तिथे असतेच, त्यामुळे सांधा झाकला जातो आणि लाइटमॅपची (बेक केलेल्या उजेडाच्या चित्राची) शिवणही दिसत नाही. उंबऱ्याची पट्टी वेगळा मेश राहू द्या. छत आणि लांब स्कर्टिंग एकसंध आले असतील तर तेही तोडा. नुसत्या मॅट छताला नाही तोडलं तरी चालेल.

आता एक गोष्ट चौथा_मिप यांच्या उत्तरात राहिली. हॉल आणि पॅसेजमधली भिंत अर्ध्या विटेची धरली तरी प्लास्टरसकट साधारण १५ सेंटीमीटर. दोन्ही बॉक्स दोन-दोन सेंटीमीटर आत शिरले तरी मधले ११ सेंटीमीटर कुणाच्याच मालकीचे नाहीत. नेमक्या उंबऱ्याच्या पॉलिश केलेल्या मार्बलवर आकाशाची निळी पट्टी उमटेल. पॅसेजचा बॉक्स हॉलच्या दिशेने भिंतीच्या जाडीइतका वाढवून हॉलमध्ये २–३ सेंटीमीटर शिरू द्या. हॉलच्या प्रोबचं इम्पॉर्टन्स २ आणि पॅसेजचं १ ठेवा. जास्त इम्पॉर्टन्सचा प्रोब आपलं वजन आधी घेतो, उरलेलं दुसऱ्याला जातं. किचनच्या दाराशीही तसंच.

याशिवाय एक खबरदारी: लाइटिंग विंडोत एन्व्हायर्नमेंट टॅबवर रिफ्लेक्शनचा सोर्स स्कायबॉक्सऐवजी कस्टम करा आणि तिथे हॉलच्याच प्रोबची क्यूबमॅप (सहा बाजूंनी टिपलेलं चित्र) टाका. कुठे फट राहिलीच तरी तिथे निळ्याऐवजी खोलीचा उजेड भरला जाईल. बाल्कनीच्या रेलिंगला आणि काचांना मग आकाश मिळणार नाही, म्हणून बाल्कनीला स्वतंत्र प्रोब द्या.

घनचौकोन

फ्लोअर तोडायची गरज आहे का? रेंडररमध्ये फॉरवर्ड+ निवडा. तिथे दोन प्रोबची मर्यादाच नाही, प्रोब पिक्सेलगणिक निवडले जातात आणि ब्लेंडिंग कायम चालू असतं, ॲसेटमधली टिक बघितलीही जात नाही. फक्त सगळ्या प्रोबच्या क्यूबमॅप एका ॲटलसमध्ये (मोठ्या सामाईक चित्रात) बसवल्या जातात. २५६ चे पाच-सहा प्रोब आरामात बसतात. प्रत्येक खोलीत १०२४ टाकलेत तर जागा संपून काही प्रोब वगळले जातील आणि कन्सोलमध्ये तशी वॉर्निंग येईल.

उंबरठ्यापाशी

पीसीला जोडलेल्या हेडसेटवर मीही फॉरवर्ड+च सुचवेन. क्वेस्टवर मात्र आधी प्रोफाइलरमध्ये मोजा. ७२ हर्ट्झला फ्रेममागे १३.९ मिलिसेकंद मिळतात, ९० ला ११.१. एका फ्लॅटच्या चार फरशा तोडायला अर्धा तास लागतो आणि रनटाइमला त्याचा खर्च जवळजवळ शून्य. शिवाय अख्ख्या घराच्या फरशीला एकच लाइटमॅप असेल तर टेक्सेल (त्या चित्राचे ठिपके) अपुरे पडतात, त्या कारणानेही तोडलेली बरी.

टाइल्स_तावदान

ब्लेंड डिस्टन्स १ च होता. ०.०२ केला, बॉक्स वाढवले, फ्लोअरचे तुकडे केले, आकाश गेलं. आता दोन गोष्टी खुपतात. हॉलच्या मधोमध असलेला सोफा फरशीच्या प्रतिबिंबात भिंतीवर थापल्यासारखा ताणलेला दिसतो. आणि दारांची स्टीलची हँडल्स प्रतिबिंबात काळी येतात. प्रश्न ३ आणि ४ आहेतच.

चौथा_मिप

सोफा: बॉक्स प्रोजेक्शन असं गृहीत धरतं की क्यूबमॅपमध्ये दिसणारी प्रत्येक गोष्ट बॉक्सच्या भिंतीवरच आहे. भिंतीला टेकलेलं कपाट, पडदे, खिडक्या यांना ते लागू पडतं, मध्ये ठेवलेल्या सोफ्याला नाही. म्हणून मधल्या फर्निचरचं रिफ्लेक्शन प्रोब स्टॅटिक काढून टाका आणि पुन्हा बेक करा. फरशीत सोफा मुळीच न दिसणं हे ताणलेला दिसण्यापेक्षा कितीतरी कमी खटकतं. पाय जिथे टेकतात तिथला लाइटमॅपमधला काळोख त्याला पुरेसा आधार देतो. टाइल्सचा स्मूथनेस ०.९ वरून ०.८ च्या आसपास आणा. वापरातल्या फरशीला तेवढाच शोभतो, आणि प्रोबच्या खोटेपणावर पांघरूणही पडतं.

प्रोबची जागाही तपासा. प्रोब जिथे ठेवलाय तिथूनच चित्र टिपलं जातं. तो झुंबराला किंवा पंख्याला खेटून असेल तर क्यूबमॅपची एक अख्खी बाजू पंख्याच्या पात्यांनी भरते. हॉलमध्ये तो १.२ मीटरवर मोकळ्या जागी आणा. बॉक्सचा मध्य १.४५ वर आहे, म्हणून बॉक्स ऑफसेटच्या वायमध्ये ०.२५ टाका, बॉक्स जागचा हलणार नाही. आणि प्रोबचा बॉक्स तुमच्या व्हर्जनमध्ये फिरवता येत नाही, तो जगाच्या अक्षांनाच समांतर राहतो. मॉडेल आर्किटेक्टच्या प्लॅनप्रमाणे उत्तरेला १२ अंश तिरकं आलं असेल तर सगळा फ्लॅट सरळ करा आणि सूर्य फिरवा.

हँडल्स: लाइटिंग विंडोत एन्व्हायर्नमेंट रिफ्लेक्शनखाली बाउन्सेस १ असेल. प्रोब टिपला जात असताना स्टीलला दाखवायला दुसरं प्रतिबिंबच नसतं, म्हणून ते काळं. २ करा. त्याहून वर गेल्याने बेकचा वेळ वाढतो, फरक दिसत नाही.

उजेडाचंही सांगतो. लाइट कंपोनंट स्वतः क्यूबमॅपमध्ये उमटत नाही. पूर्ण बेक्ड लाइट टाइल्सवर चकाकीही देत नाही. फरशीत ट्यूबलाइटची रेघ हवी असेल तर ट्यूबच्या जागी एमिसिव्ह (स्वतः उजळणारा) मेश लागेल, त्याची तीव्रता १ च्या बरीच वर, आणि प्रोबचा एचडीआर चालू. पीओपीतल्या लपवलेल्या एलईडी पट्टीला हेच. प्रोबची इंटेन्सिटी वाढवून चमक आणू नका, त्याने स्टीलची भांडी खोलीपेक्षा उजळ दिसू लागतात.

क्रम पाळा: लाइटमॅप आधी, प्रोब नंतर. जनरेट लाइटिंग दोन्ही करतं. नुसता प्रोब हलवला असेल तर बटणाशेजारच्या बाणातून फक्त बेक रिफ्लेक्शन प्रोब्ज निवडा.

घनचौकोन

प्रश्न ३: प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये क्वालिटी उघडा. यूआरपीच्या टेम्प्लेटमध्ये प्रत्येक पातळीचा ॲसेट वेगळा असतो. एडिटर हाय फिडेलिटीवर चालतो आणि अँड्रॉइडच्या खाली हिरवी टिक परफॉर्मंटवर असते. तुम्ही टिक केलंत एका ॲसेटवर, बिल्ड दुसराच घेऊन जातोय. जो ॲसेट अँड्रॉइडला लावलाय त्यात बॉक्स प्रोजेक्शन चालू करा. ते बंद असलं की क्यूबमॅप अनंत अंतरावर असल्यासारखी वाचली जाते. दोन्ही डोळ्यांना जवळपास एकच चित्र मिळतं, त्यामुळे मेंदू ते फार खोल समजतो. तुमचा खड्डा तो हाच. मॉनिटरवर हे कधीच कळत नाही.

प्रश्न ४: रिअलटाइम प्रोब एव्हरी फ्रेमवर क्वेस्टमध्ये नको. दर फ्रेमला सहा बाजूंचं रेंडर आणि वर मिपचं (क्यूबमॅपच्या लहान, धूसर प्रतींचं) गाळण. टाइम स्लाइसिंगमध्ये ऑल फेसेस ॲट वन्स घेतलं तर काम नऊ फ्रेममध्ये विभागलं जातं, इंडिव्हिज्युअल फेसेसला चौदा. रिअलटाइमच हवा असेल तर रिफ्रेश मोड व्हाया स्क्रिप्टिंग ठेवून बटण दाबल्यावर एकदाच रेंडरप्रोब बोलवा.

पण तुमचं लाइटमॅप बेक्ड आहे, दिवा बंद केल्यावर तेही बदलावं लागणारच. मग प्रोबचेही दोन संच बेक करून ठेवा. प्रोबचा टाइप कस्टम करा, दिवे चालू असताना बेक करून एक फाइल, बंद असताना दुसरी. बेक्ड टाइपमध्ये राहिलात तर सीनच्या फोल्डरमधली क्यूबमॅप पुढच्या बेकला पुसली जाईल, आधी कॉपी काढा. बटण दाबलं की कस्टमबेक्डटेक्श्चर बदला. बदल एका झटक्यात नको असेल तर रिफ्लेक्शनप्रोबचं ब्लेंडक्यूबमॅप दोन क्यूबमॅप हळूहळू मिसळून रेंडर टेक्श्चरमध्ये देतं.

टाइल्स_तावदान

अँड्रॉइडवर परफॉर्मंटच होता. खड्डा बुजला. बेसिनवरच्या आरशाला पण प्रोबच पुरेल का? आणि हॉलचा प्रोब ५१२ करावा का?

उंबरठ्यापाशी

आरशाला नाही. आरशात माणूस स्वतःला शोधतो आणि बेक्ड क्यूबमॅपमध्ये तो नाही. वेगळा कॅमेरा लावलात तर व्हीआरमध्ये दोन डोळ्यांसाठी सीन पुन्हा काढावा लागतो. फ्लॅट दाखवायचाच असेल तर आरशाचा स्मूथनेस ०.७ करून त्यावर वाफ धरल्यासारखा पोत द्या, किंवा आरसाच काढून कॅबिनेट लावा.

५१२ फक्त ग्रॅनाइटच्या ओट्यासाठी विचारात घ्या, तोही स्मूथनेस ०.९५ च्या वर असेल तर. कमी स्मूथनेसला शेडर खालचा धूसर मिपच वाचतो, वरचं रिझोल्यूशन वाया जातं. बीसी६एच कॉम्प्रेशनमध्ये मिपसकट २५६ ची क्यूबमॅप सुमारे अर्धा एमबी, ५१२ ची २, १०२४ ची ८. पीसीवर ही किरकोळ गोष्ट आहे, पण क्वेस्टला बीसी६एच चालत नाही. त्यामुळे तिथला आकडा बिल्डवर मेमरी प्रोफाइलर लावूनच बघा. बेडरूम आणि पॅसेजला १२८ पुरे.